फार्मासिस्टने रोज किती तास उभं राहायचं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

जाईजुई

माझा धाकटा भाऊ डी. फार्म. करून पुण्यात एका मेडिकलमध्ये लागलाय, त्याला दोन वर्षं होतील. सकाळी ९ ते दीड, मग साडेचार ते रात्री साडेदहा. रविवारी ‘हाफ डे’, म्हणजे ९ ते १. महिन्यातून एक सुट्टी, तीही मालकांचा मूड बघून मागायची. मी कागदावर हिशोब मांडला तर आठवड्याचे ६७ तास होतात. साडेदहा म्हणजे तरी कुठे साडेदहा? शटर अर्धं खाली ओढून एच-वनची वही (ठरावीक औषधं कुणाला दिली त्याची सक्तीची नोंद) भरायची, उद्याची शॉर्टेज लिहायची. घरी यायला साडेअकरा.

परवा ताटावर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. हात वरणात. आई म्हणाली, नोकरीला आहेस की जन्मठेपेला?

मला पडलेला प्रश्न साधा आहे. दुकानाच्या भिंतीवर त्याचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. ‘तू नसलास तर मला दुकान उघडता येत नाही, कायदा आहे’ असं मालक स्वतःच सांगतात. मग त्याने जास्तीत जास्त किती वेळ असावं, हेही कायद्यात असेलच ना? कुणाला नक्की माहिती आहे का? उगाच ‘सोडून दे नोकरी’ नको, ते आम्हालाही सुचलंय.

नळस्टॉप

दीड ते साडेचार सुट्टी मिळते आणि तरी तक्रार? पुण्यात हा मूलभूत अधिकार आहे हो. घटनेत नसला तरी पाटीवर असतो. :)

सदाशिव_नसलेला

नळस्टॉप, त्या तीन तासांत तो पोरगा घरी जाऊन येऊन झोपणार कधी? वाघोलीत राहत असेल तर बसमध्येच दीड तास.

जाईजुई

वाघोली नाही, पण लांबच. दुपारी घरी येतच नाही तो. दुकानाच्या मागच्या खोलीत सलाईनच्या खोक्यांवर पुठ्ठा टाकून पडतो.

कलमबहाद्दर

कामगार कायद्यात थोडीफार वकिली करतो, म्हणून लिहितो. ताई, तुम्ही दोन वेगळे कायदे एकत्र करताय आणि खरी गोची तिथेच आहे.

एक बाजू औषधांची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५, त्यातला नियम ६५. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं पाहिजे. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ हेच सांगतं. त्याची शिक्षा पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अशी होती. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड अशी केली. मालक घाबरतात ते याला. पण हे सगळे नियम पेशंटसाठी आहेत. फार्मासिस्ट हजर हवा एवढंच ते म्हणतात. तो सकाळपासून हजर आहे की आत्ताच आला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

दुसरी बाजू दुकानांची. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७. २०२५ च्या बदलाआधी त्यात होतं: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट पगार, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. आणि नळस्टॉप, तुमच्यासाठी खास: कामाचा ‘पसारा’, म्हणजे सकाळी आल्यापासून रात्री जाईपर्यंतचा काळ, मधली सुट्टी धरून साडेदहा तासांच्या वर जायला नको होता. ताईंचा हा भाऊ साडेतेरा तास पसरलाय.

आता वाईट बातमी. यातलं तासांचं सगळं प्रकरण १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होतं. त्याखालच्यांनी फक्त कलम ७ प्रमाणे ऑनलाइन सूचना द्यायची, झालं. जुन्या १९४८ च्या कायद्यात असा उंबरठा नव्हता, एकच नोकर असला तरी तास मोजले जायचे. दुकानात किती जण आहेत?

जाईजुई

मोजले. मालक, त्यांचा मुलगा, भाऊ, काउंटरवरची दोन पोरं, एक डिलिव्हरीवाला. सहा.

कलमबहाद्दर

मालक कामगारांत धरत नाहीत. म्हणजे चार, फार तर पाच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जो बदल मंजूर केला त्यात दिवसाचे ९ चे १० तास, आणि १० कामगारांच्या जागी २०. गल्लीतल्या मेडिकलमध्ये २० माणसं मी तरी पाहिलेली नाहीत, गिऱ्हाईकं धरूनसुद्धा.

नळस्टॉप

पसारा हा शब्द आमच्या घरी वेगळ्या अर्थाने रोज वापरला जातो. मागे घेतो माझा विनोद. अर्धाच.

तालुक्याचा_केमिस्ट

मालकांना शिव्या सुरू व्हायच्या आत मालकाचंही ऐका.

मी बी. फार्म., दुकान माझं, परवाना माझा, फार्मासिस्टही मीच. २२ वर्षं झाली. सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा. माझे तास कोण मोजणार? मालक म्हणून कामगार कायदा मला ओळखत नाही, आणि फार्मासिस्ट म्हणून औषध कायदा मला हलू देत नाही. बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला गेलो तेव्हाही दुकानाची किल्ली खिशात होती.

एकदा ठरवलं, कायद्याने वागू. दुपारी जेवायला जाताना पाटी लावली, ‘फार्मासिस्ट जेवायला गेले आहेत, चिठ्ठीची औषधे २ नंतर’. पोराला सांगितलं, साबण, बिस्किटं, डायपर एवढंच द्यायचं. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ घरी आले. मी पहिला घास उचललेला. म्हणाले, ‘बीपीची गोळी द्यायला काय फार्मासिस्ट लागतो? नाव तर मीच सांगतोय.’ तिसऱ्या दिवशी पाटी काढली. समोर दुसरं मेडिकल आहे, तिथे पाटी नव्हती.

दुसरा फार्मासिस्ट ठेवा म्हणणं सोपं आहे. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के. त्यातून गिऱ्हाईक विचारतं, ‘मोबाइलवर २० टक्के सूट मिळते, तुम्ही किती देता?’ वर भाडं, फ्रिजची वीज, एक्सपायरीचा परत न जाणारा माल. १४ तास दुकान उघडं ठेवायचं तर दोन फार्मासिस्ट हवेत हे मला कळतं. पण दोघांचे पगार निघतील एवढा धंदा तालुक्याला नाही. मग दुकान आठच तास उघडं ठेवू? रात्री ९ ला पोराला ताप आला की तुम्हीच शटर वाजवाल.

खडूस_काका

म्हणून तर निम्म्या दुकानांत फार्मासिस्ट फ्रेममध्ये असतो आणि काउंटरवर बारावी नापास. सर्टिफिकेट भाड्याने मिळतं, महिन्याचे पैसे ठरलेले. १४ तास उभं राहणारे मूर्ख ठरतात.

तालुक्याचा_केमिस्ट

निम्म्या कुठून आणले काका? मोजून आलात?

खडूस_काका

मोजले नाहीत. आमच्या रस्त्यावर चार आहेत, त्यातली दोन. पांढरा कोट एकातही दिसला नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये कोट आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला सांगितलाय ना? आमच्याकडे बर्म्युडा.

नाव_नको

फक्त या धाग्यासाठी नवीन आयडी काढलाय. मी दिलं होतं सर्टिफिकेट भाड्याने, पास झाल्यावर पहिली तीन वर्षं. घरी कर्ज होतं आणि एका कंपनीत दिवसपाळीची नोकरी लागली होती. दुकानात महिन्यातून एकदा सह्या करायला जायचो. एकदा गेलो तर एच-वनच्या वहीत माझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल केलेली. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं नीट. त्या रात्री झोप लागली नाही. ती वही तीन वर्षं जपायची असते. त्यातलं एखादं नाव दगावलं असतं तर सही कुणाची? पुढच्या आठवड्यात सर्टिफिकेट काढून आणलं. खडूस काका, मला शिव्या द्या, हरकत नाही. पण भाड्याचे दर एवढे सहज मिळतात म्हणूनच खऱ्या उभ्या राहणाऱ्याचा पगार वर जात नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

खडूस_काका

शिव्या नाही देत. लिहिलंत हे बरं केलंत.

माजी_कंपाउंडर

मी निवृत्त. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) आयुक्त होते, तेव्हाचं आठवतंय का कुणाला? फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवायांचा सपाटा लागला होता. भाड्याची सर्टिफिकेटं एकदम बाजारातून गायब. औषध विक्रेत्यांच्या संघटनेचं म्हणणं, फार्मासिस्ट एकच आहे ना, मग दुकानही एकाच पाळीत चालवू. लोक चिडले. पण मला ते त्यांच्या तोंडून निघालेलं खरं वाक्य वाटलं. म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्या पाळीत काय चाललं होतं, ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं!

बाकी थकव्याचं म्हणाल तर माझी एक गोष्ट. मधुमेहाची ग्लिमेपिराइड. चिठ्ठीवर १ मिलिग्रॅमची, मी दिली ४ ची पट्टी. एकाच कंपनीचे खोके, रचना तीच, कोपऱ्यातला आकडा तेवढा वेगळा. रात्रीचे पावणेअकरा, सकाळपासून तेरावा तास. कॅश मोजताना १ चा खोका भरलेला आणि ४ चा उघडलेला दिसला आणि पोटात खड्डा पडला. बिलावर पत्ता नव्हता, ‘जोशी आजी’ एवढंच. सायकल काढली, तीन सोसायट्या पालथ्या घातल्या. आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘अरे, गोळीचा रंग वेगळा वाटला म्हणून सकाळी विचारणारच होते, आत्ता नाही घेतली.’ पायरीवर बसून पाणी प्यायलो. दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, लक्ष ठेवत जा.

सदाशिव_नसलेला

आजींना औषध कायद्याखाली पुरस्कार द्या.

पिंपळपान

डॉक्टरांच्या अक्षराबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी मोडी वाचणाऱ्या मामांनाही लागली नाही. मेडिकलवाल्याने एका नजरेत वाचली. विचारलं कसं, तर म्हणाला, ‘वाचली नाही, ते तीनच औषधं लिहितात.’

माजी_कंपाउंडर

खरं आहे. पण तेराव्या तासाला चौथं औषध आलं की फसतो.

रातराणी

एका खासगी रुग्णालयाच्या आतल्या फार्मसीत आहे. नाव लिहीत नाही. तिथे २० च्या वर माणसं आहेत, त्यामुळे कायदा पूर्ण लागू. ‘आस्थापना’च्या व्याख्येत रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह सगळं येतं. कागदावर पाळी आठ तासांची. प्रत्यक्षात पुढची येईपर्यंत हलता येत नाही, कारण काउंटर रिकामं ठेवायचं नाही. पुढचीला उशीर झाला की माझे दहा तास होतात, आणि रजिस्टरमध्ये आठच.

रात्री साडेनऊ ते सकाळी सातमध्ये बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची सोय हवी. संमतीचा फॉर्म ऑफर लेटरलाच टाचलेला होता. सही केली नसती तर लेटरही नसतं, एवढीच संमती.

पण मला सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? खुर्ची. आमच्या काउंटरला खुर्ची नाही. ‘बसलेलं दिसलं की पेशंटच्या नातेवाइकांना राग येतो.’ एका मैत्रिणीने डायपरचा खोका उलटा करून बसायला सुरुवात केली तर तोही उचलून नेला. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला देणं कायद्यातच घातलं. साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांतल्या बायकांमुळे झालं ते. आपल्याकडे पैठणीची दुकानं काय कमी आहेत?

पिंपळपान

रातराणी, वाचून माझेच पाय दुखायला लागले. साडीच्या दुकानात आपण गादीवर आणि ती पोरगी तीन तास उभी, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं.

मिशिगनकाठ

शिकागोजवळ असते, इथे फार्मासिस्ट आहे. मुंबईची बी. फार्म., २००३ च्या आधी पास झाले म्हणून चार वर्षांच्या पदवीवर परीक्षेला बसता आलं. नंतर पाच वर्षांची अट आली.

जाईजुई, तुम्ही जो प्रश्न विचारलाय तो इथे २०१६ मध्ये एका वर्तमानपत्राने वेगळ्या वाटेने विचारला. शिकागो ट्रिब्यूनच्या लोकांनी २५५ फार्मसींत एकत्र घेतल्यास घातक ठरणाऱ्या औषधांच्या जोड्यांच्या चिठ्ठ्या नेल्या. ५२ टक्के ठिकाणी काही न सांगता दोन्ही औषधं हातात ठेवली. मग गर्दी आणि वेगाचा विषय निघाला. १ जानेवारी २०२० पासून इलिनॉयच्या कायद्यात आलं: फार्मासिस्टला सलग १२ तासांपेक्षा जास्त काम सांगायचं नाही, सहा तासांच्या पाळीत अर्धा तास अखंड जेवणाची सुट्टी आणि वर १५ मिनिटं. कॅलिफोर्नियात त्याच्या आधी, फार्मासिस्टला काउंटरवर एकटं सोडायचं नाही, मदतीला कुणी तरी हवंच, असा कायदा झाला.

सगळं गोड आहे असं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की ड्राइव्ह-थ्रूची घंटा वाजतेच. पण इथे तो नियम फार्मसीच्याच कायद्यात आहे. दुकानात माणसं चार की चाळीस, फरक पडत नाही. कारण थकलेल्या फार्मासिस्टचा धोका पेशंटला, असं त्यांनी धरलं.

लेस्टरची_लेक

यूकेमध्ये उलटी गंमत. ‘जबाबदार फार्मासिस्ट’ दिवसातून जास्तीत जास्त दोन तास दुकानाबाहेर असू शकतो, २००९ पासून. म्हणजे कायद्याने जेवायची वेळ मोजून दिलीय. तालुक्याचे केमिस्ट, तुमची पाटी इकडे चालली असती.

तालुक्याचा_केमिस्ट

पाटी अजून आहे माझ्याकडे. कुरिअर करतो.

घड्याळजी

थोडं वेगळं मत. शिकलेल्या माणसाने ‘कामगार’ म्हणवून घेत तास मोजत बसावं का? डॉक्टर तास मोजतात का? फार्मासिस्टला मान हवा असेल तर आधी व्यावसायिकासारखं वागावं.

रातराणी

घड्याळजी, हे नाव घेऊन तास मोजू नका म्हणताय?

कलमबहाद्दर

घड्याळजी, कायद्यात कामगार म्हणजे हलकं काम असं नाही. कुशल, तांत्रिक काम मोबदल्यात करणारा प्रत्येक जण त्यात येतो. आणि निवासी डॉक्टर तासांसाठीच तर भांडत असतात.

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण काल मी अर्धंच लिहिलं आणि रात्री माझ्याच लक्षात आलं. लहान दुकानाला काहीच लागू नाही असं नाही. किमान वेतनाचा कायदा एका नोकरालाही लागू होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेली वेतन संहिताही आहे. तिच्या कलम १३ मध्ये सामान्य कामाच्या दिवसाचे तास ठरवायची तरतूद आहे, कलम १४ मध्ये त्यापुढच्या तासांना किमान दुप्पट दर. म्हणजे दुकान कायद्याचा दरवाजा बंद असला तरी ही खिडकी उघडी आहे. इथे तुमचा भाऊ ‘वीसपेक्षा कमी कामगार’ या कारणाने गायब होत नाही.

अडचण पुराव्याची. लहान दुकानात हजेरीपट नसतो. म्हणून भावाला सांगा: साधी वही करायची, रोज आल्याची आणि गेल्याची वेळ, स्वतःच्या हाताने, त्याच दिवशी. बिलांवर वेळ छापलेली असते. सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं बिल, दोन्हींचे नंबर वहीत. पगार रोख घेऊ नका, खात्यात घ्या. नियुक्तिपत्र मागा. आणि भांडायच्या आधी नीट बसून बोला. चांगला फार्मासिस्ट गेला तर नवीन माणसाची नोंद होईपर्यंत मालकाची काय पळापळ होते, ती तालुक्याच्या केमिस्टना विचारा.

तालुक्याचा_केमिस्ट

विचारू नका. पण एक सुचवतो, आम्ही तिघा दुकानदारांनी केलंय. रविवार आळीपाळीने. एक उघडं, दोन बंद, आणि बंद शटरवर उघड्याचा पत्ता. पहिले दोन महिने एकमेकांवर संशय होता, की हा मागच्या दाराने विकत असणार. आता मी रविवारी शेतावर जातो. मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी माझा पाडव्याला लावलेला आंबा पाहिला. कलम धरलंय.

खडूस_काका

कलम म्हणजे ४२ की हापूस?

जाईजुई

सगळ्यांचे आभार. पूर्ण धागा मी काल रात्री भावाला वाचून दाखवला. माजी कंपाउंडरांची गोष्ट ऐकून तो उठून बसला. म्हणाला, ‘ताई, माझंही एकदा झालंय,’ आणि पुढे काही बोलला नाही.

आज सकाळी मालकांशी बोलला. भांडला नाही. चुकलं तर सही माझी असते आणि रात्री १० नंतर माझे डोळे चालत नाहीत, एवढंच सांगितलं. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ठीक, दर बुधवारी सुट्टी घे, त्या दिवशी माझा पुतण्या बसेल, त्याचंही रजिस्ट्रेशन आहे. भावाला एवढा आनंद झाला की त्याने दुकानातूनच फोन केला. संध्याकाळी कळलं, बुधवारच्या बदल्यात रविवार आता पूर्ण.

मी परत कागद घेतला. साडेदहा गुणिले सहा. ६७ चे ६३.

कलमबहाद्दर, वही आजपासून सुरू केलीय त्याने. एच-वनच्या वहीखालीच ठेवतो म्हणाला. पहिली नोंद: आलो ८.५५.

नळस्टॉप

आणि बुधवारी दुपारी त्याला कुणी फोन करू नका. दीड ते साडेचार.

जाईजुई

बुधवारी दिवसभर. आईने पाटीच लावलीय दारावर.